न कापणारी सुरी

लोहचुंबकाचा एक तुकडा घेऊन स्वयंपाकघरात जा. ताट, वाटी, तांब्या, पातेले यांना तो लावून पाहा. बहुतेक ठिकाणी तो चिकटणार नाही, निसटून पडेल. आता तोच सुरीच्या पात्याला लावा, कात्रीला लावा. चटकन चिकटेल. चमच्यांचे मात्र काही सांगता येत नाही. एकाच खणातले काही चिकटतील, काही नाही.

वर्गातल्या मुलांना याचे कारण विचारले की एक उत्तर हमखास येते : ‘जे चिकटते ते नकली स्टील!’ मुलांना तरी दोष का द्यावा? भांड्यांच्या दुकानातही हीच परीक्षा चालते. चुंबक चिकटला की गिऱ्हाईक नाक मुरडते. (हल्ली इंडक्शनच्या शेगडीसाठी मुद्दाम चुंबक चिकटेल अशा बुडाची भांडी मिळतात, त्यामुळे दुकानदारांची थोडी पंचाईत झाली आहे.) पण सुरी नकली नाही. तीही अस्सल स्टेनलेस स्टीलच. एवढेच नव्हे, तर वयाचा विचार केला तर कारखान्यात तयार होऊन बाजारात आलेल्या पहिल्यावहिल्या स्टेनलेस वस्तूंमध्ये तिचा मान मोठा. ताट-वाटीचे स्टील घरोघर पोहोचले ते तिच्यामागून. तिचा जन्म कसा झाला आणि तो व्हायला जवळजवळ शंभर वर्षे का लागली, हे आपण पाहणार आहोत.

आधी अडचण काय होती ते लक्षात घेऊ. ज्यांच्या घरी अजून जुनी लोखंडी विळी आहे त्यांना ती सांगायला नको. केळफूल किंवा कच्चे केळे चिरले की पाते काळे, भाजीही काळी. लिंबू कापले की लिंबाला लोखंडाचा वास. धुऊन पुसून ठेवायला विसरले की सकाळी तांबूस गंज. पण धार? धार अशी की आजी म्हणायची, याच्यापुढे तुमच्या नव्या सुऱ्या काय टिकणार! पोलादाला धार राहायची तर ते कठीण हवे, कठीण व्हायचे तर त्यात पुरेसा कार्बन हवा, आणि असे पोलाद ओलाव्यात गंजणारच. धार हवी की डाग नको, यांतले एकच काहीतरी निवडावे लागे. दोन्ही एकाच पात्यात कसे आणायचे?

मुंबईहून गेलेले पोलाद

या गोष्टीची सुरुवात आपल्याकडूनही सांगता येते. १७९४ साली मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे एका भारतीय पोलादाचे नमुने पाठवले. त्याला ‘वूट्झ’ म्हणत. हा शब्द बहुधा कन्नडमधल्या ‘उक्कु’वरून आला असावा. पुढच्या वर्षी जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर रॉयल सोसायटीत निबंध वाचला. निबंधाच्या शीर्षकातच हे पोलाद मुंबईत तयार होते असे म्हटले आहे! प्रत्यक्षात ते दक्षिण भारतात, मुशीत बनत असे. मुंबई हे केवळ ते जिथून पाठवले ते बंदर. पण पाकिटावरचा पत्ता पाहून गाव ठरवण्याची चूक तेव्हाही होत असे.

लंडनमधला जेम्स स्टोडार्ट हा धारदार हत्यारे बनवणारा कारागीर वूट्झवर बेहद्द खूश झाला. त्याने रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या एका तरुणाला हाताशी धरले. तरुणाचे नाव मायकेल फॅरडे. विजेच्या संदर्भात आपण त्याचे नाव शिकवतो, पण फॅरडे हा लोहाराचा मुलगा होता आणि १८१९ पासून सुमारे पाच वर्षे त्याने पोलादावर पुष्कळ काम केले, हे फारसे सांगितले जात नाही. वूट्झसारखे पोलाद करता येईल का, आणि पोलादात दुसरा धातू मिसळून न गंजणारे पोलाद मिळेल का, असे त्यांचे प्रश्न होते. चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम असे महागडे धातूही त्यांनी मिसळून पाहिले. १८२२ च्या निबंधात क्रोमियम मिसळलेल्या दोन नमुन्यांची नोंद आहे. एकात क्रोमियम सुमारे १ टक्का, दुसऱ्यात सुमारे ३ टक्के.

क्रोमियम हा धातू तेव्हा अगदी नवा होता. फ्रान्समध्ये व्होक्लॅंने १७९७ साली सैबेरियातल्या एका लाल खनिजात तो शोधून काढला होता. फ्रान्समध्येच पिएर बेर्तिए याने १८२१ साली लोखंडात भरपूर क्रोमियम मिसळून पाहिले. अशा मिश्रधातूवर आम्लांचा परिणाम कमी होतो हे त्याच्या ध्यानात आले. पण त्याचे मिश्रण ठिसूळ होते. ठोकून त्याचे काही बनवता येईना. म्हणजे फॅरडेकडे घडवता येण्याजोगे पोलाद होते, पण क्रोमियम कमी पडले. बेर्तिएकडे क्रोमियम पुरेसे होते, पण त्याबरोबर कार्बनही फार आला. दोघांच्या मधोमध कुठेतरी ती सुरी दडलेली होती.

कार्बन का येई? तेव्हा क्रोमियम मिळवायचे तर त्याचे ऑक्साइड कोळशाबरोबर तापवत. कोळशातला कार्बन धातूत शिरे आणि तिथेच राही. जर्मनीत हान्स गोल्डश्मिट याने १८९५ च्या सुमारास ॲल्युमिनियमची पूड वापरून क्रोमियम सुटे करण्याची रीत काढली, तेव्हा प्रथमच कार्बन नसलेले क्रोमियम कारखान्यांच्या हाती आले. नववी-दहावीला आपण ‘थर्मिट’ची क्रिया शिकवतो, ती हीच. रुळांच्या सांध्यांचे उदाहरण आपण देतोच. त्याच्या जोडीला स्टेनलेस स्टीलचेही द्यायला हरकत नाही.

हॅडफिल्डची चूक

मधल्या काळात एक मोठी गमतीची गोष्ट घडली. आम्हांला तरी या सगळ्या इतिहासात हीच सर्वांत शिकण्यासारखी वाटते. शेफील्ड या पोलादाच्या गावात रॉबर्ट हॅडफिल्ड नावाचा मोठा धातुतज्ज्ञ होता. मँगनीज पोलादाचा जनक म्हणून त्याची ख्याती. त्याने क्रोमियम पोलादांचा पद्धतशीर अभ्यास करून १८९२ साली निष्कर्ष छापला : क्रोमियममुळे पोलादाची गंजण्याला तोंड देण्याची शक्ती वाढत नाही, उलट कमी होते!

एवढा जाणता माणूस इतका कसा चुकला? त्याने प्रयोग काळजीपूर्वकच केला होता. गंज चढायला महिनोन्महिने लागतात. तेवढे कोण थांबणार? म्हणून पोलादाचे तुकडे त्याने तीव्र सल्फ्युरिक आम्लात ठेवले आणि किती झिजतात ते मोजले. जे आम्लात लवकर झिजेल ते हवेतही लवकर गंजेल, असे त्याने गृहीत धरले. इथेच पाय घसरला.

क्रोमियम असलेले पोलाद गंजत नाही ते काही ‘मुळातच शांत’ असते म्हणून नव्हे. उलट क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी लोखंडापेक्षाही अधिक तत्परतेने संयोग पावते. पण त्यातून बनणारे क्रोमियम ऑक्साइड पृष्ठभागाला घट्ट चिकटून बसते आणि पुढचा ऑक्सिजन आत जाऊ देत नाही. हा थर एका मिलीमीटरच्या काही दशलक्षांश भागांइतकाच जाड असतो. डोळ्यांना दिसत नाही, म्हणून धातू चमकतच राहतो. लोखंडाचा गंज मात्र सच्छिद्र. तो पोपडे धरून सुटतो आणि खालचे लोखंड पुन्हा उघडे पडते. क्रोमियमच्या थरावर ओरखडा पडला तरी हवा-पाणी असेल तिथे तो आपोआप भरून येतो. सल्फ्युरिक आम्लात मात्र हा थर टिकाव धरत नाही. आणि थर गेला की क्रोमियम पोलाद साध्या पोलादापेक्षा जास्तच वेगाने विरघळते. नायट्रिक आम्लात नेमके उलट. ते स्वतःच ऑक्सिजन पुरवणारे, त्यामुळे त्यात थर अधिकच पक्का होतो. हॅडफिल्डने दुसरी बाटली उचलली असती तर!

१९११ साली जर्मनीत फिलिप मॉनार्ट्झ याने हे कोडे सोडवले. क्रोमियम सुमारे १२ टक्क्यांपर्यंत पोहोचले की पोलादाचे वागणे एकदम पालटते आणि त्यासाठी ऑक्सिजन पुरवणारी परिस्थिती लागते, हे त्याने दाखवून दिले. म्हणजे विज्ञान तयार होते. सुरी मात्र अजून कोणी केली नव्हती.

बाटल्या धुणारा मुलगा

हॅरी ब्रिअर्ली १८७१ साली शेफील्डमध्येच जन्मला. वडील पोलादाच्या भट्टीवर कामाला, घरात गरिबी. बाराव्या वर्षाच्या आसपास शाळा सुटली आणि मुलगा फर्थ कंपनीत चिकटला. तिथल्या रासायनिक प्रयोगशाळेत बाटल्या धुता धुता आणि रात्रीच्या वर्गांत बसून तो रसायनशास्त्र शिकला. पुढे काही वर्षे रिगा इथल्या कारखान्यात काम करून परत आल्यावर, फर्थ आणि जॉन ब्राऊन या दोन कंपन्यांनी मिळून काढलेल्या संशोधन प्रयोगशाळेचा तो प्रमुख झाला.

१९१२ साली त्याच्याकडे एक काम आले. एन्फील्डच्या सरकारी कारखान्यात बनणाऱ्या बंदुकांच्या नळ्या आतून लवकर झिजत होत्या. गोळी सुटताना होणाऱ्या तप्त वायूंच्या माऱ्याने आतला पृष्ठभाग खाल्ला जाई. लक्षात घ्या, प्रश्न गंजाचा नव्हताच. प्रश्न झिजेचा होता. ब्रिअर्लीने विचार केला की क्रोमियम जास्त घातले तर पोलाद उष्णतेला अधिक दाद देणार नाही. १९१३ च्या ऑगस्टमध्ये विजेच्या भट्टीत एक घाण काढला गेला. त्यात क्रोमियम १२.८ टक्के होते आणि कार्बन ०.२४ टक्के.

इथे एक लोकप्रिय गोष्ट सांगतात. ब्रिअर्लीने फसलेले तुकडे अंगणातल्या भंगारात फेकले, काही महिन्यांनी पाहतो तो बाकी सगळे गंजलेले आणि एक तुकडा चमकतोय! गोष्ट छान आहे, मुलांना आवडते, पाठ्येतर पुस्तकांत छापलेलीही असते. पण ब्रिअर्लीने स्वतः सांगितलेली हकीकत वेगळी आहे, आणि आमच्या मते अधिक चांगली आहे. सूक्ष्मदर्शकाखाली पोलादाचे कण पाहायचे असतील तर आधी तो तुकडा घासून गुळगुळीत करतात आणि मग अल्कोहोलमध्ये मिसळलेल्या विरल नायट्रिक आम्लाने त्यावर हलकेच क्षरण करतात. त्याशिवाय कणांच्या सीमा दिसत नाहीत. हे रोजचे काम. ते करताना ब्रिअर्लीला आढळले की या पोलादावर आम्ल चालतच नाही. चिडून दुसरे आम्ल घेण्याऐवजी तो थबकला. मग त्याने व्हिनेगर लावून पाहिले, लिंबाचा रस लावून पाहिला. डाग नाही. शेफील्ड हे सुऱ्या-काट्यांचे गाव. तिथल्या माणसाला आंबट पदार्थ आणि न डागणारे पाते यांचा संबंध सांगायला लागत नाही.

त्याने आणखी एक बारीक गोष्ट टिपली. तेच पोलाद तापवून पाणी दिलेले असेल, तर आम्लाला दाद देत नाही. पण हळूहळू थंड होऊ देऊन मऊ केलेले असेल, तर त्यावर आम्ल चालते. घटक तेच, प्रमाण तेच, वागणूक मात्र वेगळी.

फर्थ कंपनीला सुऱ्यांमध्ये रस नव्हता. ब्रिअर्लीच्या आग्रहावरून हे पोलाद गावातल्या दोन सुरी बनवणाऱ्यांकडे गेले. दोघांचाही निरोप एकच : निरुपयोगी. घडवताना त्रास देते, ठोक्यांखाली तडे जातात, आणि झालेल्या सुरीला धार राहत नाही. न कापणाऱ्या सुऱ्यांचा संशोधक म्हणून गावात त्याची थट्टा होऊ लागली.

लोहाराचा डोळा आणि नवे पोलाद

सुरी कापत का नव्हती? याचे उत्तर समजायला आपल्याला थोडे आत शिरावे लागेल.

आपले लोहार हत्याराला पाणी देतात, म्हणजे लालभडक तापवून झटकन पाण्यात बुडवतात. ‘पाणीदार’ हा शब्द तलवारीला शोभतो तो यामुळेच. तापलेल्या लोखंडात अणूंची मांडणी घनाकार असते. घनाच्या आठ कोपऱ्यांवर एकेक अणू, शिवाय प्रत्येक बाजूच्या मध्यभागी एकेक. याला ऑस्टेनाइट म्हणतात. या मांडणीत कार्बनचे अणू सामावतात. सावकाश थंड केले तर मांडणी बदलते आणि कार्बन बाहेर पडून लोखंडाशी संयुग करून वेगळा बसतो. हे झाले मऊ पोलाद. पण झटकन थंड केले तर कार्बनला बाहेर पडायला सवड मिळत नाही. अणू आपापल्या शेजाऱ्यांसह एकदम सरकतात, कार्बन आतच अडकतो आणि घन एका बाजूने ताणला जातो. अशी ताणलेली, तंग रचना सहजासहजी वाकत नाही. ती कठीण असते. जर्मन संशोधक आडोल्फ मार्टेन्स याच्या सन्मानार्थ फ्रेंच शास्त्रज्ञ ऑस्माँ याने १८९५ साली या रचनेला ‘मार्टेन्साइट’ हे नाव दिले.

साध्या पोलादाला साधारण ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून पाणी देता येते. पिढ्यान् पिढ्या शेफील्डच्या कारागिरांचा डोळा त्या लाल रंगावर तयार झालेला होता. क्रोमियम पोलादात मात्र कार्बन क्रोमियमला घट्ट धरून बसतो. त्याला सोडवायला १००० अंशांच्या आसपास, म्हणजे नारिंगी-पिवळ्या रंगापर्यंत जावे लागते. कारागीर नेहमीच्या लाल रंगावर थांबले. कार्बन सुटलाच नाही, मार्टेन्साइट झाले नाही, सुरी मऊ राहिली. उलट घडवताना जास्त तापवले तर हे पोलाद नुसत्या हवेत थंड होतानाही कठीण होते, मग पुढचा घाव बसला की तडा. कारागिरांचे कौशल्य कमी नव्हते. त्यांचे कौशल्यच दुसऱ्या पोलादासाठी घडलेले होते.

आता ब्रिअर्लीने टिपलेल्या त्या बारीक गोष्टीकडे येऊ. तिचा हिशोब दहावीची मुले फळ्यावर करू शकतात. क्रोमियम कार्बाइडच्या एका नेहमीच्या प्रकारात क्रोमियमचे २३ अणू आणि कार्बनचे ६ अणू असतात. क्रोमियमचा अणुभार ५२, कार्बनचा १२. म्हणजे २३ × ५२ = ११९६ आणि ६ × १२ = ७२. भागाकार सुमारे १६.६. एक ग्रॅम कार्बन सुमारे साडेसोळा ग्रॅम क्रोमियम अडकवून ठेवू शकतो! ब्रिअर्लीच्या पोलादात ०.२४ टक्के कार्बन. तो सगळा असा अडकला तर ४ टक्के क्रोमियम कामातून गेले. १२.८ मधून ४ वजा जाता उरले ८.८. थर पक्का व्हायला धातूत विरघळलेले क्रोमियम साडेदहा-अकरा टक्क्यांच्या पुढे लागते. म्हणून मऊ केलेल्या तुकड्यावर आम्ल चालले. १००० अंशांना कार्बाइड विरघळले, सगळे क्रोमियम मोकळे झाले, झटकन थंड केल्यामुळे तसेच राहिले, आणि आम्लाचे काही चालेना. (प्रत्यक्षात त्या कार्बाइडमध्ये काही जागा लोखंडही पटकावते, त्यामुळे आकडे थोडे सौम्य होतात. पण दिशा हीच.)

म्हणजे या पोलादात कठीणपणा आणि गंजरोध या दोन वेगवेगळ्या देणग्या नाहीत. एकाच तापवण्यातून, एकाच थंड करण्यातून दोन्ही येतात. जी सुरी कापत नव्हती ती डागायलाही लवकर लागली असती.

शेवटी अर्नेस्ट स्ट्युअर्ट हा आर. एफ. मॉस्ली यांच्या सुरी कारखान्याचा व्यवस्थापक पुढे आला. पहिल्या खेपेला त्याचीही अवजारे बोथट झाली. तिसऱ्या खेपेस सुऱ्या जमल्या. ब्रिअर्ली या पोलादाला ‘न गंजणारे’ म्हणत असे. स्ट्युअर्टने व्हिनेगरमध्ये सुरी बुडवून पाहिली आणि ‘स्टेनलेस’, म्हणजे ‘न डागणारे’, हा शब्द वापरला. तो शब्द सगळ्या जगाच्या तोंडी बसला. आपल्याकडे तर पुढचा अर्धा गळून नुसते ‘स्टील’ राहिले.

श्रेय कोणाचे?

सुऱ्या बाजारात येतात न येतात तोच १९१४ चे महायुद्ध सुरू झाले आणि हे पोलाद विमानांच्या इंजिनांमधल्या झडपांकडे वळवले गेले. शोधाचे हक्क कोणाचे यावरून ब्रिअर्ली आणि त्याची कंपनी यांचे बिनसले. पगारी नोकराने केलेला शोध कंपनीचाच, असे मालकांचे म्हणणे. ब्रिअर्लीने प्रयोगशाळा सोडली आणि तो दुसऱ्या कारखान्यात गेला. ब्रिटनमध्ये पेटंट घेतलेच गेले नव्हते. जॉन मॅडॉक्स नावाच्या एका वृद्ध गृहस्थाच्या मदतीने त्याने १९१६ साली अमेरिकेचे पेटंट मिळवले. तिथे मोटारगाड्यांचा जुना संशोधक एलवुड हेन्स यानेही असेच पोलाद स्वतंत्रपणे केले होते. त्याला १९१९ साली पेटंट मिळाले. दोघे भांडत बसले नाहीत. हक्क एकाच कंपनीत एकत्र आले.

जर्मनीत क्रुप कारखान्यात बेन्नो श्ट्राउस आणि एडुआर्ड माउरर यांनी १९१२ सालीच क्रोमियमबरोबर निकेल घातलेल्या पोलादाचे पेटंट मिळवायचा मार्ग धरला होता. निकेल ऑस्टेनाइटची मांडणी साध्या तापमानालाही टिकवून धरते. ऑस्टेनाइट मऊ, दाबून हवा तो आकार घेणारे, आणि चुंबकाला न चिकटणारे. आपली ताटे-पातेली या कुळातली. १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल हे प्रसिद्ध प्रमाण १९२४ साली ब्रिअर्लीच्या जागी आलेल्या विल्यम हॅटफिल्ड याच्या नावावर आहे. (हॅडफिल्ड वेगळा, हॅटफिल्ड वेगळा, परीक्षेत गोंधळ नको.) सुरी मार्टेन्साइटची, म्हणून कठीण आणि चुंबकाला चिकटणारी. चमचे दोन्हींकडचे असतात, शिवाय त्यांत तिसरेही एक कूळ आहे : निकेल नाही, कार्बन अगदी कमी, पाणी देऊन कठीण न होणारे, पण चुंबकाला चिकटणारे. सगळी स्टेनलेसच. कोणीही नकली नाही.

ब्रिअर्लीला १९२० साली बेसेमर सुवर्णपदक मिळाले. १९४८ साली तो वारला. त्याआधी १९४१ साली त्याने स्वतःच्या पैशातून एक धर्मादाय न्यास स्थापन केला होता.

कार्बन वाढवला तर?

ब्रिअर्लीच्या पोलादात कार्बन पाव टक्का होता. धार अधिक टिकावी म्हणून तो वाढवत नेला तर? वरचा हिशोब पुन्हा करा. एक टक्का कार्बन साडेसोळा टक्के क्रोमियम गिळू शकतो. म्हणून कार्बन वाढवायचा तर क्रोमियमही वाढवावे लागते. अमेरिकन पोलाद संस्थेच्या क्रमवारीत ‘४४० सी’ या नावाने ओळखले जाणारे पोलाद असे आहे : कार्बन ०.९५ ते १.२० टक्के, क्रोमियम १६ ते १८ टक्के, थोडेसे मॉलिब्डेनम. १०१० ते १०६५ अंशांपर्यंत तापवून तेलात किंवा हवेत थंड केले, आणि ठिसूळपणा उतरवण्यासाठी पुन्हा दीडशे-दोनशे अंशांवर शेकले, की त्याचा कठीणपणा रॉकवेल मापाच्या ‘सी’ पट्टीवर ५८ ते ६० च्या घरात जातो. ताटाचे मऊ स्टील या पट्टीवर मोजताच येत नाही. त्याच्यासाठी दुसरी पट्टी लागते.

सगळे कार्बाइड काही विरघळत नाहीत. जे उरतात ते बारीक कण मार्टेन्साइटपेक्षाही कठीण असतात आणि झिजेला अडवतात. म्हणून ओलाव्यात चालणाऱ्या बॉल बेअरिंगचे गोळे, झडपांच्या बैठका, पंपांचे भाग, चांगल्या प्रतीच्या सुऱ्या यांसाठी हे पोलाद वापरतात. शस्त्रक्रियेच्या कात्र्या-चिमट्यांना बहुधा त्याची कमी कार्बनची भावंडे लागतात. मात्र गंजरोधात ते ताटाच्या स्टीलची बरोबरी करू शकत नाही. मीठ हा त्याचा वैरी. मिठातला क्लोराइड थराला टाचणीएवढ्या जागी भोक पाडतो आणि तिथून आत खड्डा पोखरतो. सुरी लिंबू-मिठाच्या पाण्यात रात्रभर पडू देऊ नये, ती यासाठी. दुसरी मर्यादा शेकण्याची. पाचशे अंशांच्या आसपास शेकले तर कार्बन पुन्हा क्रोमियमला ओढून घेतो आणि गंजरोध घटतो.

कठीणपणालाही वरचढ असतोच. जलविद्युत केंद्रांतल्या चक्रांसाठी १३ टक्के क्रोमियम आणि ४ टक्के निकेल असलेले मार्टेन्सिटिक स्टेनलेस वापरतात. सतलजवरच्या १५०० मेगावॉटच्या नाथपा झाकरी प्रकल्पात नदीबरोबर येणारी गारगोटीची बारीक वाळू अशा चक्रांनाही खाते, कारण गारगोटी पोलादापेक्षा कठीण. तिथे वरून टंगस्टन कार्बाइडचा लेप फवारावा लागतो.

आणि मग दाढीचे ब्लेड. न्हाणीघरातल्या ओलाव्यात जुनी कार्बन पोलादाची ब्लेडे दोन-चार दाढ्यांतच खराब होत. १९६२ साली ब्रिटनमधल्या विल्किन्सन स्वोर्ड कंपनीने स्टेनलेस ब्लेड मोठ्या प्रमाणावर विकायला काढले आणि मोठमोठ्या कंपन्यांची धावपळ उडाली. ब्लेडही १३ टक्के क्रोमियमच्या मार्टेन्साइटचेच. पण केस पोलादापेक्षा जवळजवळ पन्नासपट मऊ. मग ब्लेड बोथट का होते? २०२० साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतल्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाढी करून पाहिली! धार घासून गोल होते हा समज अपुरा ठरला. केस वाकून तिरका आला आणि नेमक्या त्या जागी पोलादाची रचना एकसारखी नसली, तर धारेचा बारीकसा टवका उडतो.

वर्गात करण्यासारखा प्रयोग सांगून थांबतो. हा शिक्षकांनीच करावा; ब्लेड आहे आणि ज्योत आहे. दाढीचे एक स्टेनलेस ब्लेड चिमट्यात धरून, डोळ्यांना चष्मा लावून आणि ब्लेड कापडात गुंडाळून, थोडे वाकवा. ते काडकन तुटेल. दुसरे ब्लेड स्पिरिटच्या दिव्यावर लाल होईपर्यंत तापवा आणि ज्योतीतून सावकाश वर नेत थंड होऊ द्या. आता तेही गुंडाळूनच वाकवा. ते तारेसारखे वाकेल, तुटणार नाही. मार्टेन्साइट मोडले. मग एक न तापवलेले ब्लेड आणि हे तापवलेले ब्लेड, दोन वेगवेगळ्या बशांत, मीठ आणि लिंबाचा रस घातलेल्या पाण्यात अर्धे बुडवून ठेवा. तांबूस डाग कोणत्या बशीत आधी दिसतात याची मुलांनी रोज शाळा सुटताना नोंद करावी, आणि बशी पाहण्याआधी आपापला अंदाज वहीत लिहून ठेवावा.